पोचा काढलेला गडू

आत्याबाई, तुम्हाला जाऊन चौदा-पंधरा वर्षं होत आली. आज मी सांगून राह्यली आणि माझी नात लिहून राह्यली. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मला अजून येत नाही, म्हणजे हे पत्र न लिहिता येणाऱ्या सुनेनं न वाचता येणाऱ्या सासूला लिहिलेलं आहे आणि मधे एक शिकलेली बसवली आहे. ती माझं बोलणं थोडं धुऊन-पुसून घेते. मी म्हटलं, घे बाई, पण तिखट-मीठ तेवढं राहू दे. तुम्ही असता तर म्हणाल्या असत्या, 'एवढं तोंड चालते तं लेखणी काऊन धरली नाई वं?' धरली होती. विहारात दुपारचा मोठ्या बायांचा वर्ग सुरू झाला तेव्हा दोन दिवस गेले होते. मास्तरणीनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं, ते मला वाकलेल्या झाऱ्यासारखं दिसलं. सगळा वेळ तो झारा सरळ करावा असंच मनात येत होतं. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही.

ही नात तुम्ही गेल्या तेव्हा चौथीत होती, शेंबूड पुसायला तुमचा पदर धरायची. आता हैदराबादेत कंपनीत आहे. कंपनी म्हणजे गिरणी नाही, धूर नाही, तेल नाही. थंडगार खोलीत बसायचं आणि कॉम्प्युटरसमोर डोळे फोडायचे. मागच्या सुट्टीत मी विचारलं होतं, 'तू तिथं करतं काय वं?' तिनं तीन वेळा समजावलं, तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं. यंत्रालाही भाषा असते म्हणे. आपण त्या भाषेत लिहायचं आणि यंत्रानं ऐकायचं. पण प्रत्येकानं सगळं मुळापासून लिहायचं ठरवलं तर जन्म जाईल, म्हणून त्या भाषेसोबत तयार तुकड्यांचं एक सामाईक भांडार मिळतं. ही त्याला लायब्ररी म्हणते. मोजायचा तुकडा, नावं क्रमानं लावायचा तुकडा, तारीख काढायचा तुकडा. जो कोणी ती भाषा वापरतो तो तिथून हवं ते उचलतो. मग कुठून कुठून तक्रारी येतात, हा तुकडा अमुक ठिकाणी अडतो, तो तमुक वेळी चुकीचं सांगतो. हिचं काम ते दुरुस्त करायचं, जमेल तिथं सुधारायचं आणि दर काही महिन्यांनी भांडाराची नवी प्रत सगळ्यांना पाठवायची. 'मंग एक दिवस सगळं दुरुस्त झालं की तुह्यं काम सुटन,' मी म्हटलं. तर हसली. 'आजी, ते कधी संपत नाही. वापरणारे आहेत तोवर खोट निघतच राहते.' मी म्हटलं, एवढंच न? म्हणजे समाजाची भांडी.

भांडी आठवतात का, असं मी तुम्हाला विचारत नाही. तुम्ही मामंजींचा चेहरा विसरल्या असत्या, पण ती भांडी नाही. वस्तीनं मिळून घेतलेले वरण शिजवायचे तीन मोठे गंज, पराती, बादल्या, झारे, पळ्या, झाकण्या, सगळं आपल्या मागच्या खोलीत. कोणाचं लग्न असो, कोणी गेल्याचं पुण्यानुमोदन असो, विहारातलं जयंतीचं जेवण असो, भांडी आपल्या घरून निघायची आणि मागोमाग तुम्ही. भांड्यांवर ठिपके ठोकून समाजाचं नाव घातलं होतं. ते तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण कोणत्या परातीला कुठं पोचा आहे आणि कोणत्या बादलीची कडी कोणाच्या लग्नात निसटली, हे तुम्ही अंधारात हात लावून सांगायच्या. भांडी परत आली की दुसऱ्या दिवशी ओसरीवर मांडून बसायच्या आणि स्वयंपाकाच्या बायांना बोलावणं धाडायच्या. 'सांगा वं, काय अडलं?' एक म्हणायची झाकणी बसत नाही, वाफ जाते. दुसरी म्हणायची पळीची दांडी आखूड आहे, हात पोळतो. तुम्ही झाकणीची कड ठोकून घ्यायच्या, लोहाराकडून लांब दांडीची पळी करवून आणायच्या. पण आखूड दांडीची फेकायच्या नाहीत. मी विचारलं होतं, 'आता हे कायले पायजे?' तुम्ही म्हणाल्या, 'ज्या बाईचा हात ह्याच पळीवर बसला, ते कुठं जाईन?' हे मी पोरीला सांगितलं तेव्हा घास तोंडात तसाच धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, 'आमच्या मॅडम हेच सांगतात. नवं घाला, जुनं मोडू नका.' तुम्ही कंपनीत साहेब झाल्या असत्या, आत्याबाई. मोतीबिंदूनं घात केला.

ह्या खेपेला ती न कळवता आली. तोंड उतरलेलं, जेवायला बसली की भाकर पुढ्यात तशीच. एक दिवस वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी राहवलं नाही.

'काऊन वं? पोट कंपनीत ठेवून आली का?'

'भूक नाही, आजी.'

'कोणा पोराचं आहे का काही?'

'आजी!'

'नसन तं नसो. मी आपलं विचारून पाह्यलं.'

मग हळूहळू निघालं. त्यांच्या भांडारात एक तुकडा आहे, लिहिलेल्या मजकुरात ओळी किती ते मोजून सांगणारा. तो नेहमी शेवटची ओळ मोजायची विसरायचा. दहा असल्या तर नऊ सांगायचा. हिच्या ते नजरेस आलं, हिनं सुधारलं, आता दहाच्या दहा सांगतो. 'मंग चांगलंच केलं न,' मी म्हटलं. 'चांगलंच केलं, आजी, तेच तर. पण लोकांना ती खोट कधीची ठाऊक होती. ते नऊ ऐकायचे आणि आपल्या हातानं एक मिळवून दहा करायचे. आता माझा तुकडा दहा सांगतो, ते सवयीनं एक मिळवतात, आणि यंत्र अकरावी ओळ शोधायला जातं. अकरावी नाहीच. मग त्यांचं सगळं काम बंद पडतं.' 'मंग सांगून द्याचं त्याइले, बाबा हो, आता एक मिळवू नोका.' नव्या प्रतीसोबत काय काय बदललं त्याची यादी जाते म्हणे. हिनं एकदम दहा-बारा दुरुस्त्या केल्या होत्या, त्यात ही बारीकशी. यादीत घातलीच नाही. आणि यादीखाली सही हिच्या मॅडमची. आता मॅडमला धरलंय, ते भांडार त्यांच्या हातून काढून घ्यायचं चाललंय. मॅडम म्हणतात, माझ्याच नजरेतून सुटलं असेल. हात कोणाचा लागला, ते त्यांना माहीत नाही.

'एवढी शिकली,' मी म्हटलं, 'आन् एक ओळ लिह्याचा कंटाळा. मले तं एकबी लिहिता येत नाही, तरी मी कंटाळली नाही.' ती हसली नाही. पुढं मलाही हसू आलं नाही, कारण मला गडू आठवला होता.

तुमच्या माहेरचा पितळी गडू. समाजाचा नव्हे, तुमचा स्वतःचा, पण भांड्यांसोबत तोही जायचा, कारण मीठ त्यानंच मोजायचं. केव्हातरी विहिरीच्या कठड्यावरून दगडावर आपटला आणि त्याचं बूड आत बसलं. उभा ठेवला की सरळ राहायचा, वरून काही कळायचं नाही, पण आत लिंबाएवढा उंचवटा, तेवढं मीठ त्यात कमी मावायचं. त्या पोच्यासकट तुमचं माप ठरलं होतं, एका गंज वरणाला चार गडू खडेमीठ. तुम्ही आजारी पडल्या तरी वस्तीतली कोणीही बाई चार गडू टाकायची आणि वरण तुमच्या हातचं व्हायचं. चव मात्र कोणी घ्यायची नाही. देव घरातून कधीच गेले होते, त्यांच्याबरोबर नैवेद्य गेला होता, पण पंगतीच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, ही सवय तुम्ही जाऊ दिली नाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी वरणात करंगळी बुडवली, तर झाऱ्याच्या दांड्याचा फटका बसला होता. 'चव पंगत पाह्यते. आपुन माप पाह्याचं.' मनगट अजून त्या जागी जरा शहाणं आहे.

तर ते लग्न. वस्तीतल्या मास्तरच्या मुलीचं. नवरदेव निर्मल शहराकडचा, पाहुण्यांत तेलुगू शाळेतले मास्तरलोक. लग्नाच्या तीन दिवस आधी तुम्ही डोळे दाखवायला तालुक्याला, बोथला गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी कल्हईवाला दारात. मी म्हटलं, शहरातले पाहुणे, भांडी चमकली पाहिजेत. पराती झाल्या, पळ्या झाल्या, शेवटी गडू. तो हातात फिरवून म्हणाला, 'बाई, इसका पेंदा अंदर बैठ गया है. निकाल दूँ?' आणि मी, जिला तुम्ही पंचवीस वर्षं बजावत होत्या की मला विचारल्याशिवाय झाकणीलाही हात लावू नको, मी म्हटलं, 'निकाल दो.' त्यानं लाकडी ठोकणी आत घालून चार ठोके दिले. गडू आतून कसा गोल, गुळगुळीत, नव्यासारखा. त्या पोच्याच्या कडेला मीठ अडकून हिरवं कळकट धरायचं, ते आता धरणार नाही, म्हणून मी खूश. खोट होती, काढली. वाईट काय केलं? तुम्ही आल्यावर सांगायचंच होतं. पण तुम्ही डोळ्यांत औषध घालून, चिडून, बसमध्ये जागा न मिळालेल्या अशा आल्या. म्हटलं, उद्या सांगू. उद्या पीठ-मिरची आली. परवा हळद. तेरवा लग्न.

ती दुपार मला अजून समोर दिसते. वरण-भात आणि बुंदी, त्या काळी तेवढंच असायचं. तुम्ही चुलाणाशी उभ्या आहात, मी मिठाचं पोतं उघडून तुमच्या बाजूला. वरण उकळलेलं, मीठ पडलेलं, पहिली पंगत बसलेली. भातावर वरण गेलं, पहिला घास गेला, आणि मांडवातला आवाज थांबला. मग पाणी पाणी सुरू झालं. तो जाडा तेलुगू हेडमास्तर पत्रावळीवरून हात उचलून शेजाऱ्याला म्हणाला, 'उप्पु एक्कुवा!' मीठ जास्त, एवढं तेलुगू आपल्या सगळ्यांनाच येत होतं. नवरदेवाचा मामा त्याच्यावर कडी. 'वरण हाय का लोणचं, बाप्पा? मले वाटलं बरणीतून वाढून राह्यले!' लोक हसले. मास्तरची बायको पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली. आम्ही गंजात पाणी ओतलं, आणखी डाळ शिजवून घातली, दुसरी पंगत उन्हं उतरल्यावर बसली. तुम्ही मात्र झारा धरून तिथंच उभ्या होत्या. कोणाशी बोलत नव्हत्या, पण तुमचे ओठ हलत होते. तुम्ही मोजत होत्या.

आठ दिवसांनी विहारात माणसं बसली. कोणी वाकडं बोललं नाही, तेच वाईट. म्हातारीचे डोळे गेले आता. हात चुकायचाच. किती वर्षं केलं बिचारीनं. भांडी बैलगाडीत घालून दुसऱ्या घरी गेली. जाण्याआधी तुम्ही नव्या बाईला एकेक भांड्याची खोड सांगितली, कोणती कडी ढिली, कोणता गंज डावीकडं कलतो, कोणत्या झाकणीवर दगड ठेवावा लागतो. मी दारात उभी राहून ऐकत होते. माझी एक खोड सांगायची राहिली होती, ती मी सांगितली नाही. आणि त्यानंतर तुम्ही घरच्या वरणाची चव घ्यायला लागल्या. सहा माणसांचं वरण, जे तुम्ही झोपेत केलं असतं. तळहातावर थेंब घ्यायच्या, चाटायच्या, थांबायच्या, मग माझ्यापुढं पळी धरायच्या. 'पाह्य बरं वं, बरोबर हाय का?' मी चाखायची. 'बरोबर हाय, आत्याबाई.' नेहमी बरोबरच असायचं.

पोरीला मी ह्यातलं निम्मं सांगितलं. कल्हईवाला सांगितला, पंगत सांगितली, मामाचं लोणचं तर दोनदा सांगितलं. आणि वर आजीपणा केला. 'जा, तुह्या मॅडमले सांगून टाक. नाही तं पुढची पंधरा वर्षं तुले वरण गोड लागणार नाही.' ती रडली थोडी, आणि काल सकाळच्या बसनं आम्ही दोघी फोन करायला बोथला गेलो. एसटीडीच्या काचेच्या खोपटात ती आत, मी बाहेर स्टुलावर. आवाज येत नव्हता, पण तोंड दिसत होतं. आधी भराभर बोलली, मग नुसती ऐकत राहिली, कितीतरी वेळ, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. बाहेर आली तेव्हा कपाळ घामानं भिजलेलं.

'काय म्हणे?'

'रागावल्या. खूप. आधी का नाही सांगितलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, सगळ्यांना कळवायचं, खोट काय होती आणि काय बदललं ते. आणि जुना तुकडा जुन्याच नावानं जसाच्या तसा परत ठेवायचा. सुधारलेला वेगळ्या नावानं द्यायचा. ज्याला जो हवा तो घेईल.'

'आखूड दांडीची पळी.'

'हो आजी,' ती म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचे दात दिसले. 'आखूड दांडीची पळी.'

'आन् तुह्यं काम? राह्यते का जाते?'

'सोमवारी कळेल.'

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती कापसाच्या पऱ्हाटीची शेतं पाहत होती. अर्ध्या वाटेत वळली आणि म्हणाली, 'आजी, मग तू पणजीला सांगितलंस कधी?' बसच्या खडखडाटात मला ऐकू आलं नाही, असं मी केलं. माझे कान शाबूत आहेत हे तिला ठाऊक आहे. घरी येईस्तोवर तिनं पुन्हा विचारलं नाही. आज जेवणं झाल्यावर मात्र वही घेऊन ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, 'सांग. मी लिहिते.' हिला भिऊन मी सांगून राह्यली, आत्याबाई. तुम्हाला भिऊन गप्प बसले, हिला भिऊन बोलते. माझ्या स्वतःच्या हिमतीनं काही झालं असं समजू नका.

शेवटच्या वर्षी तुम्ही खाटेवरच होत्या. एका दुपारी तुम्ही तो गडू मागितला. इतके दिवस मी तो ज्वारीच्या कणगीमागं ठेवला होता आणि तुम्ही एकदाही विचारला नव्हता. आणून दिला. डोळ्यांना तोवर फक्त उजेड कळायचा. तुम्ही गडू मांडीवर उपडा घेतला, बुडावरून अंगठा फिरवला. मग सुलटा करून आत हात घातला, पुन्हा अंगठा फिरवला. अंगठा थांबला. मला वाटलं, आता. तुम्ही म्हणाल्या, 'कल्हई चांगली बसली वं.' आणि गडू माझ्या हातात दिला. 'तू ठेव. तुह्या कामी येईन.' तुम्हाला कळलं होतं का? काही दिवस मी हो म्हणते, काही दिवस नाही. कळलं असेल तर तुम्ही माझी अब्रू झाकली. नसेल तर स्वतःचाच हात चुकला असं समजून तुम्ही गेल्या. हे दुसरं मला सोसत नाही, म्हणून मी पहिलं धरून चालते. सोयीचं तेवढं मी नेहमीच घेत आले.

पोरगी म्हणते, झालं का? आणि ह्या कागदाचं करायचं काय? मी म्हटलं, गडूत घालून ठेव. तुमचा पत्ता बोथच्या पोस्टमनला विचारायला गेले तर तो मलाच घरी सोडायला येईल. पण त्याआधी एकदा सगळं वाचून दाखव म्हटलं. तिनं वाचलं. ऐकताना कळलं, हिनं यादीतून गाळली तशी एक ओळ मीही गाळली आहे. म्हटलं, थांब, पेन मिटू नको.

त्या लग्नाच्या संध्याकाळी, दुसरी पंगत उठल्यावर, तुम्ही मला हाताला धरून चुलाणामागं नेलं होतं. हळूच विचारलं, 'मी चार टाकले का पाच वं? तू तं जवळच होती.' मी गप्प राहिले असते तरी निभलं असतं. मी म्हटलं, 'पाच टाकले, आत्याबाई. मी पाह्यले.' तुम्ही मान हलवली आणि झारा खाली ठेवला.

चारच टाकले होते तुम्ही. मी मोजले होते.